रॉटरडॅमचं बाशिंग

माधोजीमामा फॉर्म भरायला बसले की आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबत. मी वाढवून सांगतोय असं कुणाला वाटत असेल तर वाटू द्या. मी सगळंच वाढवून सांगतो, तंजावुरात त्याबद्दल माझं नाव आहे. पण मामांच्या बाबतीत मला फारसे कष्ट पडत नाहीत. देवानंच त्यांना वाढवून पाठवलं होतं.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. तंजावुरातल्या मराठी घरांत नीट चौकशी केली तर जो तो दुसऱ्याचा मामा निघतो. माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोर त्यांचं घर होतं, एवढंच. चाळीस वर्षं त्यांनी पोस्टात पार्सलच्या खिडकीमागे काढली आणि निवृत्त झाले तेव्हा ती खिडकी डोळ्यांना लावूनच घरी आले. समोर कागद आला की चष्मा कपाळावरून खाली, उजवी बाही दोन घड्या वर, पेन कानामागून हातात. मग तो कागद ते एकदा वरून खाली वाचत आणि एकदा खालून वर. आणि म्हणत, "रकाना रिकामा ठेवलास कीं त्यांत दुसरा कोणी येऊन बसतो, किट्टू."

किट्टू म्हणजे मी. आणि ते 'कीं' नि 'त्यांत' म्हणजे मामांची बोली. आमची मराठी तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून निघाली ती परत गेलीच नाही. इथे तिला तमिळ सूर लागला, तमिळ जेवण लागलं. मामा बोलायला लागले की वाटे, कुणीतरी जुनं दप्तर उघडलंय आणि त्यावर गरम सांबार वाढलंय.

तर रकाना. रेशनकार्डाच्या अर्जात शेवटी 'इतर माहिती असल्यास' अशी एक ओळ होती. तुम्ही-आम्ही तिथे एक आडवी रेघ मारतो. मामांनी तिथे सीतामामींचा दमा लिहिला, विहिरीचं पाणी मार्गळी महिन्यानंतर मचूळ होतं हे लिहिलं आणि शेजारच्या परसातलं नारळाचं झाड आमच्या बाजूला झुकलंय, तेही लिहिलं. जागा पुरेना म्हणून मागे पुरवणी जोडली. अधिकाऱ्यानं बोलावून घेतलं. "सार, हे कार्ड तांदळाचं आहे."

"तांदूळ खाणाऱ्याची माहिती नको तुम्हांस?" मामांनी विचारलं.

तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर इतका फिरला की महिन्याभरात कार्ड तर आलंच, पण एके सकाळी दोन माणसं कोयते घेऊन आली आणि नारळाचं झाड छाटून गेली. कुणी पाठवली, आजवर कळलेलं नाही.

सही ते मोडीत करत. बँकेत दर दोन वर्षांनी मॅनेजर बदले आणि नवा मॅनेजर घाबरा होऊन विचारी की हा कोळी कागदावर कुठून आला. मामा शांतपणे सांगत, "सही माझी बरोबर आहे. वाचतां येत नाहीं हा तुमचा रकाना."

आणि खिडकीमागे असताना? सख्ख्या भावजयीचं पार्सल त्यांनी परत केलं होतं. तिचा लेक सुरेश तेव्हा नुकता लंडनला शिकायला गेलेला. आईनं फॉर्मवर 'पुस्तकं' लिहिलं होतं आणि पुस्तकांच्या मधोमध एक मुरुक्कूचा, म्हणजे आमच्याकडच्या चकलीचा, डबा दडवला होता. मामांनी पार्सल हातात घेतलं, कानाशी नेऊन हलवलं आणि म्हणाले, "वहिनी, हें पुस्तक कुरकुर करतें." मागे वीस माणसांची रांग. बाईंनी पार्सल उचललं आणि मरेपर्यंत दिराच्या हातचं पाणी घेतलं नाही. मामांना त्याचं वाईट वाटलं. पण डबा परत केल्याचं वाईट वाटलं नाही.

एवढ्या खऱ्या माणसाच्या हातात एक नाजूक कला होती, ही देवाची गंमत. मामा बाशिंगं बनवत. भेंडाची. भेंड म्हणजे तळ्यात वाढणारी एक वनस्पती, इथे तिला नेट्टी म्हणतात. साल सोलली की आत पांढराशुभ्र गाभा. इतका हलका की हातावर ठेवला तर हातच हलका झाल्यासारखा वाटतो. मामा तो पातळ सुरीनं गोल गोल सोलत, त्याचा कागदासारखा पापुद्रा निघे, मग त्याच्या कळ्या, पाकळ्या, पोपट, चंद्र. चिंचोक्याची खळ, सोनेरी कागद, थोडी हळद. वधूचं लहान, वराचं मोठं, अशी जोडी करायला नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत घरात पंखा लावायची बंदी. सीतामामी म्हणायच्या, "लग्न दुसऱ्याचें, आणि उकडून मी मरतें."

मामांच्या कुळात आजोळच्या बाशिंगाशिवाय लग्न लागत नसे. मुलगी सिंगापुरास असो की सिडनीत. आजोळाहून बाशिंग आलं, कपाळाला बांधलं, मगच अंतरपाट. आणि युरोपातल्या सगळ्या लग्नांचं बाशिंग लंडनमार्गे जाई. एकदा मामांनी एक थेट पाठवून पाहिलं होतं. ते पोचलं तेव्हा त्याचा अप्पळम्, म्हणजे पापड, झाला होता, नुसता तळायचा बाकी. तेव्हापासून रीत ठरली. तिरुचीहून विमानानं कुणी ना कुणी लंडनला जातच असतं, त्यानं पेटी मांडीवर घेऊन जायची. तिथे पुतण्या सुरेश, आता तिथलाच नागरिक, ती उतरवून घ्यायचा आणि गाडीत घालून बोटीनं पलीकडे न्यायचा. मामांची लेक तारा रॉटरडॅमला. मध्ये कोणी विचारणारं नाही, उघडणारं नाही. "लंडन म्हणजे तंजावूर आणि रॉटरडॅम म्हणजे पापनाशम," मामा सांगत. "पोरांनी जावें, संध्याकाळीं परत यावें."

मग इंग्रजांनी युरोपातून अंग काढून घेतलं. ब्रेक्झिट. आमच्या गल्लीत त्याची बातमी पेपरानं आणली नाही, तुपानं आणली.

सुरेशची बायको घरी कढवलेल्या तुपाची बरणी घेऊन ताराकडे निघाली होती. पलीकडच्या बंदरात अधिकाऱ्यानं विचारलं, मांस, दूध, दुधाचं काही? ती बिचारी अभिमानानं म्हणाली, तूप आहे, घरचं. त्यानं हात पुढे केला. तिला वाटलं वास घेणार. त्यानं बरणी घेतली आणि पिंपात टाकली. पिंपात आधीच चीज होतं, हॅमची सँडविचं होती, कुणाचं तरी लोणी होतं. आमच्या गल्लीत ही हकीकत पोचेपर्यंत तो अधिकारी सात फुटी झाला होता आणि त्यानं जाताना बोटं चाटली होती. तो भाग माझा.

मामांना मात्र त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. "अय्यो, पापनाशमच्या बसला अय्यमपेट्टैला थांबवून लोकांचे डबे उघडल्यासारखें झालें हें! कालपर्यंत एकाच घरांत होते कीं रे."

त्यानंतर ताराचा फोन आला की मामा आधी विचारत, आता काय बंद झालं? आणि काही ना काही झालेलं असेच. लंडनच्या ज्या दुकानातून ती हिंग, कुळीथ, अप्पळम् मागवायची, त्यानं कळवलं की आम्ही आता तिकडे पाठवत नाही, कागद परवडत नाहीत. सुरेशनं दिवाळीला समई पाठवली ती पोंगलला पोचली आणि दारावर आलेल्या माणसानं वर कर मागितला. सुरेशच्या पासपोर्टावर आता पलीकडे जाताना शिक्का बसे, येताना शिक्का बसे, आणि सहा महिन्यांत नव्वद दिवसांच्या वर राहायचं नाही. मामांनी त्या शिक्क्याचा फोटो मागवला. माझ्या दुकानात मोठा करून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"टेकवलाय," ते म्हणाले. "मारला नाहीं."

अशात ताराच्या मुलीचं, जानकीचं, लग्न ठरलं. मुलगा तिथलाच, नाव यान, उंची इतकी की फोटोत एकतर डोकं यायचं नाहीतर पाय. जानकीला मराठी कळायची, बोलता फारशी यायची नाही, पण आजोबांना फोन करून तिनं एकच वाक्य पाठ म्हटल्यासारखं म्हटलं, "आजा, बाशिंग पाहिजे. तुमचंच."

मामा त्या दिवशी पंखे बंद करायलाच उठले.

कपाळाचं माप सेंटिमीटरमध्ये आलं. मामांनी नाकारलं. माप म्हणजे दोरा. दोरा कपाळाभोवती फिरवायचा, गाठ मारायची आणि पाठवायचा. यानच्या डोक्याचा दोरा रॉटरडॅमहून पाकिटात घालून आला. तो दोरा मामांनी स्वतःच्या डोक्याभोवती गुंडाळला तर तो कानांवरून घसरून गळ्यात पडला. सीतामामी आतून पाहत होत्या. म्हणाल्या, "हें नातजावयाचें माप कीं बैलाचें?"

"गप, गप. मोठें डोकें चांगलें. रकाने पुष्कळ मावतात."

पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावरचे हात. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. नऊ दिवसांचं काम सव्वीस दिवस चाललं. भेंडाचा चांगला साठाही तेवढाच उरला होता. तळी आटलेली, नवं भेंड पाऊस संपल्याशिवाय मिळायचं नाही. जे झालं ते मात्र मी पाहिलंय. वराच्या बाशिंगावर दोन्ही बाजूंना पोपट, मध्ये चंद्र, खाली मोगऱ्याच्या कळ्यांच्या ओळी. दुकानात आणून दाखवलं तेव्हा मी श्वास रोखून धरला, कारण माझ्या श्वासानं ते उडालं असतं. अगदी उडालं नसतं, पण हललं असतं.

आमच्या ओळखीची एक मुलगी तिरुचीहून लंडनला निघाली होती. पेटी मांडीवर. लंडनपर्यंत सुखरूप. लग्नाला सोळा दिवस होते.

तिथे सुरेश अडला. तो लग्नाला जाणारच होता, पण बाशिंग हातात न्यायला तयार होईना. "काका, तुपाचं काय झालं विसरलात? माझ्यासमोर पिंपात टाकलं तर मी तारक्काला तोंड दाखवू शकणार नाही. कुरिअरनं पाठवतो. नीट फॉर्म भरून. आता तिकडे पाठवायचं म्हणजे सगळं लिहावंच लागतं, आत काय आहे, कशाचं आहे."

'नीट फॉर्म भरून' हे ऐकलं आणि मामांच्या चेहऱ्यावर गेल्या सहा महिन्यांतला पहिला आनंद आला. ते माझ्या दुकानात येऊन बसले, फोन काउंटरवर उभा केला, चष्मा खाली घेतला.

"वाच," ते सुरेशला म्हणाले.

"वस्तूचं वर्णन, म्हणतोय. मी लिहितो, 'शोभेची वस्तू, भेट'."

"कुणाची शोभा? लिही. तळ्यांत वाढणारी वनस्पती."

"काका..."

"लिही! तिच्या देठाचा गाभा. चिखलाच्या तळ्यांतून काढलेला, कावेरीच्या पाण्यावरचा. उन्हांत वाळवलेला. चिकटवण्यास चिंचोक्यांची खळ. चिंचोका म्हणजे बी, हेंही लिही. रंगास हळद, ती मुळी."

"एवढं कोण वाचतंय तिथे?"

"वाचणारा असतो रे. मी वाचत होतों चाळीस वर्षें. तुझ्या आईचा डबा विसरलास?"

"मी विसरलो नाही, काका," सुरेश म्हणाला. आणि लिहीत गेला.

मी काउंटरमागे उभा होतो. मलाही तेव्हा वाटलं, वा, काय तपशील. आपल्या लोकांचं हेच चुकतं. आपल्याला वाटतं, पलीकडच्या माणसाला सगळं सांगितलं की तो आपला होतो.

तिसऱ्या दिवशी पेटी थांबली. कुरिअरच्या पानावर आलं की माल सीमेवर रोखला आहे, वनस्पती तपासणीसाठी. त्यांच्या दृष्टीनं मामांनी एक झाड पाठवलं होतं. चिखलासकट, बियांसकट, मुळांसकट.

लग्नाला तेरा दिवस.

इथून पुढचं मला वाढवून सांगता येत नाही. प्रयत्न केला, जमत नाही. मामा सकाळी मी शटर वर करायच्या आधी पायरीवर येऊन बसलेले असत. ते पान उघडायचं, तीच ओळ वाचायची. चहा आणला तर त्यावर साय धरेपर्यंत हातात. दुपारी पुन्हा. तिथे किती वाजले, कचेरी उघडली का, जेवणाची सुटी असेल का. "तिकडे आतां दहा वाजले. तो माणूस खुर्चीवर बसला असेल. चष्मा पुसत असेल." त्यांनी त्या न पाहिलेल्या अधिकाऱ्याला जणू जन्म दिला होता. तो कडक आहे पण दुष्ट नाही, हे ठरवलं होतं. एकदा मला म्हणाले, "तो मीच आहें रे, किट्टू. मीही थांबवलें असतें."

सीतामामी दारातून हाक मारत. "तुम्हीं पाहून पाहून तें हलणार आहे काय? इकडे येऊन दोन घास खा!" पण त्यांचाही आवाज पूर्वीसारखा चढत नव्हता. एकदा त्या दुकानात आल्या, मामा नसताना, आणि हळूच विचारलं, "तें टाकून देतील कां, तुपासारखें?" मी त्यांना खुर्ची दिली.

ताराचे फोन येत. ती समजावी. अप्पा, नसलं तर नसू दे, फुलं बांधू. मामा 'बरें' म्हणत आणि फोन ठेवल्यावर त्यांचे हात मांडीवर काहीतरी सोलत राहत.

लग्नाला पाच दिवस असताना सुरेशला कुरिअरची मेल आली, ती त्यानं माझ्याकडे पाठवली. फॉर्मवरची घोषणा दुरुस्त करायची एक संधी, अठ्ठेचाळीस तासांत. नाहीतर माल नष्ट करण्यात येईल. लिंक उघडली. लिहायला जागाच नव्हती. नुसती यादी, तिच्यातून एक निवडायचं: खाद्यपदार्थ, रोपं व वनस्पती, खेळणी, कपडे, टोप्या. आणि खाली एक प्रश्न. यात वनस्पतिजन्य काही आहे का? हो. नाही. दोनच गोल.

मामांनी यादी वरून खाली वाचली. मग खालून वर.

"बाशिंग नाहीं यांत," ते म्हणाले.

"कसं असेल, मामा?"

"'इतर' तरी?"

"'इतर' नाही."

सुरेश फोनवर होता. "काका, 'टोप्या' दाबा, खाली 'नाही' दाबा, संपलं. डोक्यालाच बांधतात ना? सोमवारपर्यंत पोचेल. दुसरं काही दाबलंत तर जळेल."

"आहे कीं रे वनस्पती. सगळी तीच आहे."

"काका, आता खरं सांगायची वेळ गेली! तुम्ही सांगितलंत ना एकदा खरं? त्यानंच अडकलं."

मामा उठले, घरी गेले. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आले, बसले, उठले, पुन्हा गेले. दुपारी आले तेव्हा अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, कचेरीला घालायचे तसा. मी पान उघडून दिलं.

"मी दाबू का?" मी विचारलं.

"नको. ज्यानें केलें त्यानें भरावें."

माउस त्यांना सवयीचा नव्हता. बाण टोप्यांवर नेता नेता दोनदा खेळण्यांवर गेला. मी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहू लागलो. एक टिचकी ऐकू आली. रस्त्यावरून टाउन बस गेली, तिचा हॉर्न वाजून संपला, आणि मग दुसरी टिचकी.

मी वळलो तेव्हा ते आपल्या बोटाकडे पाहत होते.

बाशिंग लग्नाच्या आदल्या दिवशी पोचलं. पेटी उघडून पुन्हा चिकटवलेली, एका पोपटाची चोच मोडलेली, बाकी जसंच्या तसं. लग्न आम्ही मामांच्या घरात फोन तांब्याला टेकवून पाहिलं. सीतामामींनी पदर डोळ्यांना लावला तो काढलाच नाही. जानकी सुरेख दिसत होती. यानच्या त्या अवाढव्य कपाळावर ते बाशिंग असं बसलं होतं की जणू कपाळच त्याच्यासाठी केलेलं. मामा पाहत होते, पण बाशिंगाकडे नव्हे. यानच्या मागे जे दार दिसत होतं, त्याच्याकडे. कुणी आत आलं की मामा पाटावरून अर्धे उठत. एकदा टोपी घातलेला एक माणूस आत शिरला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. तो फोटोग्राफर होता.

अंतरपाट दूर झाला, टाळ्या झाल्या. सीतामामींनी साखर वाटली. मामांनी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

"आतां तें पाण्यांत सोडा," ताराचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं. "सोळाव्या दिवशीं सोडतात ना आपण? इतके दिवस नको. उद्यांच सोडा. तिथें नदी आहे."

"पाण्यांत काय, पुरावा बुडवायचाय यांस," सीतामामी मला म्हणाल्या. फोन चालू असतानाच.

पण जानकीनं बाशिंग सोडलं नाही. तिनं ते काचेच्या चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावलं. फोटो पाठवला. मामांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. येईल-जाईल त्याला दिसेल अशा जागी, त्यांनी एका देशाच्या कागदावर 'नाही' म्हटलेली वस्तू टांगलेली होती.

त्यांनी सीमेवरच्या त्या अधिकाऱ्याला पत्र लिहायला घेतलं. इंग्रजीत, स्वच्छ अक्षरात. अमुक पार्सलाच्या घोषणेत मी टोपी असे नमूद केले, ती टोपी नसून बाशिंग आहे. त्यात वनस्पती नाही असे नमूद केले, ती आहे. चूक पुतण्याची नाही, नातीची नाही. बनवणारा मी, दाबणारा मी. खाली मोडी सही, आणि सही वाचता येणार नाही म्हणून तिच्याखाली पूर्ण नाव. त्याची त्यांनी माझ्याकडून एक प्रत काढून घेतली. तारा फोनवर रडली. "अप्पा, ते येऊन घेऊन जातील! जानकीला दंड करतील!" सुरेश म्हणाला, "काका, तुम्ही आमचं सगळ्यांचं पार्सल परत करणार आहात."

पत्र तीन आठवडे त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. शर्ट धुवायला गेला की ते बनियनला टाचणीनं लावलेलं असे. ते बारीक झाले. दुकानात येऊन बसत, पण काही उघडायला सांगत नसत. मी थट्टा करायचो, मामा, तो अधिकारी रिटायर झाला असेल. ते मान हलवत. "त्याच्या जागीं दुसरा बसला असेल."

त्या महिन्याच्या शेवटी, मामा वारले त्याच्या आठवडाभर आधी, मी स्कूटरवरून मेडिकल कॉलेजच्या रस्त्यानं येत होतो. भर दुपार. नाक्यावरच्या लाल पेटीशी मामा छत्री घेऊन उभे. मी थांबलो.

"काय मामा, बस चुकली?"

"नाहीं. पेटी उघडायची वेळ होतेय."

खिसा रिकामा दिसत होता. मी विचारलं, "टाकलंत?"

"टाकलें. सकाळींच टाकलें."

"मग उन्हात कशाला उभे? परत घ्यायचंय?"

त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "ठाऊक नाहीं रे. पोस्टाचा माणूस येईपर्यंत ठरवीन म्हणून उभा आहें."

पोस्टाचा माणूस सायकलवरून आला. तरुण होता, मामांना ओळखत नसावा. त्यानं कुलूप काढलं, दार उघडलं. आत आठ-दहा पत्रं होती आणि मामांचं सगळ्यांत वर, एअरमेलच्या निळ्या काठाचं. हात घातला असता तर सहज आलं असतं. मी स्कूटरवर बसून पाहत होतो. तो माणूस एका हातानं पत्रं गोळा करू लागला आणि दुसऱ्या हातानं पिशवी उघडायला धडपडू लागला. तिचं तोंड मिटत होतं, पत्रं निसटत होती.

मामांनी छत्री मिटून काखेत घातली. पुढे झाले, आणि दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड उघडून धरलं.